नकलेची गाडी, अस्सल भांडण

१९५९ साली कॅलिफोर्नियात जिम मॅकनील नावाच्या हायस्कुलातल्या पोरानं जुन्या गाड्या विकणाऱ्याकडून एक मर्क्युरी घेतली. किंमत ५०० डॉलर. तीच गाडी जानेवारी २०२२मध्ये फ्लोरिडातल्या किसिमी इथं लिलावाला आली आणि बोली १९ लाख ५० हजार डॉलरवर जाऊन थांबली. हीच ती ‘हिरोहाता मर्क’. मोटारी हौसेनं कापून-जोडून घेणाऱ्यांच्या जगात तिच्याइतकं नाव फार थोड्या गाड्यांना मिळालं.

नाव पडलं ते मालकावरून. बॉब हिरोहाता हा जपानी वंशाचा अमेरिकन तरुण. १९५१च्या मॉडेलची मर्क्युरी कूप त्यानं १९५२मध्ये लॉस एंजलिसजवळच्या लिनवुडमध्ये, सॅम आणि जॉर्ज या बॅरिस बंधूंच्या वर्कशॉपात नेऊन सोडली. बाहेर आली तेव्हा ती मर्क्युरी आहे हे सांगावं लागत होतं. टप पुढून ४ इंच आणि मागून ७ इंच उतरवलेला. बाजूच्या दोन काचांमधला खांब काढून टाकलेला. पुढचे दिवे फोर्डचे, मागचे लिंकनचे, अंगावरून वळत गेलेली क्रोमची पट्टी ब्यूइकची आणि मागच्या मडगार्डवर हवेसाठी पाडलेल्या झरोक्यात शेवरलेच्या जाळीचे दात. वर फिकट, समुद्राच्या फेसासारखा हिरवा. खाली गडद हिरवा.

माझ्या मुलीला ही गाडी १:२५ या प्रमाणात करायची आहे. म्हणजे सव्वापाच मीटरची मोटार वितीत बसवायची. तिच्या मामांचं म्हणणं, तिनं ही करू नये. मामांचं म्हणणं उडवून लावता येत नाही, कारण त्यांचं सगळं आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात गेलं. अँबॅसिडर, फियाट, जीप, साखर कारखान्यांच्या चेअरमनसाहेबांच्या गाड्या, सगळ्यांवर त्यांचा हात फिरलेला आहे. आता गॅरेज मुलाकडं आहे आणि मामांकडं वेळ. एका दुपारी दोघांची जुंपली. मी बाप आणि मेहुणा अशा दुहेरी नात्यानं तिथं असल्यामुळं कुणाचीच बाजू घेऊ शकत नव्हतो. ऐकलं तसं लिहितो.

मामा : मला एवढंच सांग, त्या पोरानं बॅरिसकडं गाडी का सोडली?

भाची : चारचौघांसारखी नको होती म्हणून.

मामा : झालं तर. कारखान्यातनं हजारो निघाल्या, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. त्यातली एक उचलून त्यानं स्वतःची करून घेतली. डॅशबोर्डवरची बटणंसुद्धा त्यानं स्वतःच्या हातानं प्लास्टिकची घडवली, हे तूच सांगितलंस. आता तू काय करणार? साच्यातनं निघालेला डबा आणणार आणि त्यातनं त्याची गाडी जशीच्या तशी काढणार. तो ज्यातनं बाहेर पडला त्यात तू आपल्या पायानं चालत जाणार. तुला तुझी गाडी करायला कोण नको म्हणतंय? लाल कर, काळी कर, टप अजून उतरव. पण तुझी कर.

भाची : माझी म्हणजे कुठली, मामा? मला टप कापता येतो का, हेच अजून मला माहीत नाही. सॅम बॅरिसनं पुढं चार आणि मागं सात हे आकडे का धरले, दोन्हीकडं पाच का नाही, हे कळायच्या आधी मी माझं काय करणार?

मामा : करून बघायचं. बिघडलं तर बिघडलं.

भाची : तुमच्या गॅरेजात नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी त्याच्या हातात स्प्रेगन देत होता?

मामा : छे. पहिली दोन वर्षं पाणीपेपर.

भाची : मग?

मामांनी इथं तपकिरीची डबी काढली. ते उत्तर शोधत असले की डबी निघते.

मामा : पाणीपेपर वेगळा. ते हात वळवणं झालं. पोरगं पेपर मारत होतं ते गिऱ्हाइकाच्या गाडीवर, दुसऱ्या कुणाच्या गाडीची नक्कल करत बसत नव्हतं.

भाची : अमेरिकेत पोरांना नक्कलच करायला लावली होती. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी या शाखेनं १९३०मध्ये मुलांसाठी एक स्पर्धा काढली. कॉलेजच्या शिक्षणासाठी मोठमोठ्या शिष्यवृत्त्या बक्षीस. करायचं काय, तर नेपोलियनच्या काळातल्या घोडागाडीची छोटी प्रतिकृती. नकाशा कंपनीचा, मापं कंपनीची. चाकाच्या आऱ्यापासनं आतल्या गादीच्या शिवणीपर्यंत सगळं बरहुकूम. कल्पनेला जागाच नाही.

मामा : आणि त्यातनं काय निघालं? घोडागाडी करणारे?

भाची : कारागीर निघाले. पुढं १९३७पासनं स्पर्धेत दुसरा भाग आला, स्वतःच्या डिझाइनची मोटार करायचा. १९४७मध्ये त्यात जिंकलेला चक जॉर्डन नंतर जनरल मोटर्सच्या सगळ्या डिझाइनचा प्रमुख झाला.

मामा : कशात जिंकला म्हणालीस? घोडागाडीत का स्वतःच्या मोटारीत?

भाची : स्वतःच्या मोटारीत.

मामा : दाजी, ऐकताय नव्हं?

ऐकत होतो. मुलीनं स्वतःच पुढं केलेलं प्यादं मामांनी अलगद खाल्लं, हे मान्य करायला हवं. पण तिच्याकडं याहून भारी मोहरा होता आणि तो तिनं लगेच सरकवला. जॉर्ज बॅरिस स्वतः लहानपणी बाल्सा लाकडाच्या मोटारी करायचा. आईबाप लवकर गेले. दोघे भाऊ कॅलिफोर्नियातल्या रोझव्हिल गावात नातेवाइकांकडं वाढले. तिथं खेळण्यांच्या दुकानांतर्फे मॉडेलच्या स्पर्धा व्हायच्या आणि बारीकसारीक गोष्टींकडं लक्ष देणाऱ्या या मुलाला बक्षिसं मिळायची. पुढं ज्यानं १९६६च्या दूरदर्शन मालिकेसाठी लिंकन फ्युचुराची बॅटमोबिल करून दाखवली, त्याची सुरुवात वितीएवढ्या गाडीवरच झाली होती.

मामा : आणि तो त्या मॉडेलांतसुद्धा फेरफार करायचा की नाही?

भाची : करायचा.

मामा : मग माझंच म्हणणं आलं.

भाची : तुम्हाला काहीही सांगितलं तरी तुमचंच म्हणणं येतं.

मामा : आता ह्या तुझ्या डब्याचं सांग. डब्यावर काय लिहिलंय?

भाची : डब्यावर मर्क्युरीच आहे, पण ती हिरोहाताची नाही. १९४९ची आहे, टप जागच्या जागी. डेट्रॉइटजवळची एएमटी ही कंपनी आधी डीलरांसाठी नमुन्याच्या छोट्या गाड्या करायची. त्या कारखान्याच्या खऱ्या रंगात असायच्या, गिऱ्हाइकाला टेबलावर दाखवायला. १९५८मध्ये तिनं जोडायचे किट काढले, त्यांना ‘थ्री इन वन’ म्हणायचे. त्याच डब्यातनं कारखान्यासारखी गाडी करा, शर्यतीची करा, नाहीतर कस्टम करा. जॉर्ज बॅरिसनंही त्यांना सल्ला दिला.

मामा : म्हणजे डबासुद्धा म्हणतोय, बाई, तुझ्या मनासारखं कर. आणि तू त्याला म्हणतेस, छे, मी दुसऱ्याच्याच मनासारखं करणार.

भाची : डब्यातले कस्टमचे भाग लावले की जगातल्या लाखभर पोरांची झाली तशी गाडी होते. त्याला तुम्ही स्वतःची म्हणाल? मला ४९ची ५१ करायची आहे. मागची मडगार्डं ५१ला लांबवली होती, शेपूट उभं झालं होतं, मागची काच मोठी झाली होती. हे सगळं प्लास्टिकच्या पट्ट्या चिकटवून, पुट्टी भरून, घासून करायचं. त्यानंतर टप. डब्यात हिरोहाताच्या गाडीचा एकही पत्रा नाही.

इथं मामा पहिल्यांदा खुर्चीत पुढं सरकले. तोवर त्यांना वाटत होतं, भाची तयार भाग डिंकानं चिकटवते. डिंक नसतोच. पॉलिस्टायरीनचा सिमेंट म्हणजे प्लास्टिक विरघळवणारा द्रव. दोन कडा विरघळून एकमेकींत शिरतात, द्रव उडून जातो आणि मागं सलग प्लास्टिक उरतं. तिनं वेल्डिंग हा शब्द वापरल्यावर मामांनी सांध्यावरून नख फिरवून पाहिलं.

मामा : टप कसा कापणार, ते सांग.

भाची : चार इंचांचे पंचवीस भाग केले की चार मिलिमीटर. मागं सात इंच, म्हणजे सात मिलिमीटर. बारीक दातांची करवत आहे. पुढच्या खांबातनं चार काढायचे, मागनं सात.

मामा : आणि वरचा टप खाली बसवायचा?

भाची : हो.

मामा : बसव बघू.

भाची : नाही बसत. माहीत आहे मला.

मामा : का नाही बसत?

ही खरी परीक्षा होती. गाडीचे खांब सरळ उभे नसतात. वर जाता जाता आत आणि एकमेकांकडं झुकतात. त्यामुळं टप खालच्या चौकटीपेक्षा लहान असतो. खांबाचा तुकडा काढून टप सरळ खाली आणला की तो चारी बाजूंनी आखूड पडतो आणि खांबांची टोकं एकमेकांना भेटतच नाहीत. मग पुढचा खांब मुळाशी चिरून अजून मागं झुकवायचा, टपाचे उभे-आडवे तुकडे करून मध्ये पट्टी घालायची, मागची काच झोपवायची. मागचे सात आणि पुढचे चार हा फरकही त्यातलाच. पाठीमागं जास्त उतरवलं की टपाची रेघ कपाळापासून डिकीपर्यंत एकाच ओघात उतरते. दोन्हीकडं सारखंच कापलं असतं तर गाडी बसकी झाली असती आणि वर पूर्वीचंच टोपडं उरलं असतं.

मुलीनं हे सगळं एका जुन्या टपावर खुणा करून दाखवलं. मामांनी मध्येच तिच्या हातून पेन्सिल घेतली.

मामा : इथं नको कापू. खांबाच्या बारीक भागात कापलंस तर सांधा झाकायला जागाच नाही. थोडं खाली ये, जिथं दोन्ही तुकड्यांची जाडी सारखी आहे. आम्ही ऑम्नीची रुग्णवाहिका करताना टप उंच करायचो, तेव्हा हाच ताप उलटा. वर जागा वाढते आणि पत्रा पुरत नाही.

भाची : मग ह्यात सॅम बॅरिसला पडलेला प्रश्न आणि मला पडलेला प्रश्न यात फरक काय? त्याच्याकडं पत्रा आणि शिसं, माझ्याकडं प्लास्टिक आणि पुट्टी. माप पंचविसावं झालं, पण कोन काही पंचविसावे होत नाहीत. खांब ६० अंशांत असेल तर मॉडेलमध्येही ६०च.

मामा गप्प. मला हा मुद्दा या सगळ्या वादातला सर्वांत वजनदार वाटला, म्हणून थोडा थांबतो. नक्कल म्हणजे उत्तर उतरवून काढणं असं आपण धरून चालतो. इथं उत्तर डोळ्यांसमोर आहे, गाडीचे शेकडो फोटो आहेत, आकडे छापलेले आहेत. तरी ते उतरवून काढता येत नाही. गणित पहिल्यापासून सोडवावंच लागतं. फोटो फक्त शेवटी ताळा पाहायला कामाचा.

मामा : कापण्यापुरतं तुझं मान्य. त्यात हात आहे. रंगाचं काय? रंगात तर नुसती नक्कल आहे. त्यानं हिरवा मारला, तू हिरवा मारणार.

भाची : कुठला हिरवा?

मामा : जो होता तो.

भाची : कधी होता तो? १९५३मध्ये हिरोहातानं गाडीत कॅडिलॅकचं इंजिन बसवलं आणि कॅलिफोर्नियातनं थेट इंडियानापोलिसला चालवत गेला. त्या प्रवासावर त्यानं ‘रॉड अँड कस्टम’ मासिकात लेखही लिहिला. तेव्हा गाडी दोन हिरव्यांत. १९५५मध्ये ‘रनिंग वाइल्ड’ या चित्रपटात ती आली, तेव्हा सोनेरी झाकेच्या लिंबू रंगात रंगवलेली. चित्रपट कृष्णधवल.

मामा : काय सांगतेस! रंग मारला आणि काळ्या-पांढऱ्यात दाखवला?

भाची : पुढं मॅकनीलनं ती शाळेत जायला-यायला वापरली, मग वर्षानुवर्षं गॅरेजात बंद. १९८९मध्ये त्यानं ती दुरुस्तीला काढली आणि बऱ्याच वर्षांनी पुन्हा दोन हिरव्यांत उभी केली. २०१७मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदीत गेली ती ही गाडी. आता सांगा, खरा हिरवा कुठला? १९५३च्या छापील फोटोतला की दुरुस्तीनंतरचा?

मामा : म्हणजे आज जी उभी आहे तीसुद्धा स्वतःचीच नक्कल की!

भाची : अगदी. आणि तिला १९ लाख डॉलर. मग माझ्याच नकलेला नाकं का मुरडता?

मामा : (हसत) तिच्यावर बसून इंडियानापोलिसला जाता येतं, पोरी. तुझ्या गाडीत मुंगीसुद्धा ड्रायव्हिंगला बसायची नाही.

हे बोलणं वरवर थट्टेचं होतं, पण मामांची खरी तक्रार तीच आहे, असं मला वाटतं. त्यांच्या लेखी काम म्हणजे रस्त्यावर जाऊन ऊन, पाऊस, दगड खाणारं काम. काचेच्या कपाटात राहणाऱ्या वस्तूवर एवढी मेहनत त्यांना उधळपट्टी वाटते. या तक्रारीला मुलीनं काही उत्तर दिलं नाही. माझ्याकडंही नाही.

रंगाचा विषय निघाला की मामांना मात्र कपाट वगैरे काही आठवत नाही.

मामा : ते त्या काळी काय मारत होते? एनॅमल?

भाची : बॅरिसकडं नायट्रोसेल्युलोज लॅकर.

मामा : म्हणजे ड्यूकोच! मग त्यात काय! पातळ पातळ हात मारायचे, मध्ये पाणीपेपर, शेवटी रबिंग कंपाउंड. झळाळी गनमधनं येत नाही, घासून येते. आपल्याकडं अजून दुकानात मिळतो. उद्या आणतो, मार.

ड्यूपाँट कंपनीचा ड्यूको १९२४च्या सुमारास जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर पहिल्यांदा निळ्या रंगात आला आणि मोटार रंगवायला लागणारे आठवडे दिवसांवर आले. त्याच घराण्यातला रंग लिनवुडमध्ये बॅरिस मारत होते आणि उद्यमनगरात मामा. दोघांची ओळख असायचं कारण नाही. पण पावसाळी हवेत लॅकर पांढरट धरतो, तेव्हा काय करायचं, यावर दोघांचं पाच मिनिटांत जमलं असतं.

भाची : दुकानातला लॅकर नको, मामा. त्यातला थिनर प्लास्टिक खातो.

मामा : बघू.

मामांनी स्वयंपाकघरातून आइस्क्रीमचा प्लास्टिकचा चमचा मागवला. मुलगी रंगाचे नमुने अशाच चमच्यांवर मारून बघते. तेही पॉलिस्टायरीनचे असतात आणि त्यांना गाडीच्या बॉनेटसारखा बाक असतो. तिच्या डब्यातल्या बाटल्यांजवळच मामांनी मुलाच्या गॅरेजातून आणलेला थिनर होता. त्याचा एक थेंब चमच्यावर पडला. आधी चकाकी गेली, मग कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा उमटल्या आणि बोट लावल्यावर तिथलं प्लास्टिक चिकट लागलं.

मामा : हं. खातो खरा.

भाची : बघा.

मामा : पण तू ओला हात मारलास तर खाईल. लांबनं धुरळा मार. थेंब पोचेपर्यंत निम्मा थिनर हवेतच उडाला पाहिजे. असे दोन-तीन धुरळे वाळले की त्यांच्यावर मग ओला हात. खालच्या थरानं अडवला की प्लास्टिकपर्यंत पोचतोय कशाला!

मुलीनं वहीत लिहून घेतलं. प्लास्टिकच्या गाड्या रंगवणारे लोक जगभर नेमकं हेच करतात, हे मामांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पत्र्याला थिनर खात नाही. पण पत्र्यावरच्या जुन्या रंगाला खातो, आणि ती विद्या त्यांच्या हातात होती.

भाची : जाडीचं मात्र तुमच्या हिशोबानं चालणार नाही.

मामा : का?

भाची : खऱ्या गाडीवर सगळे हात मिळून रंगाची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग धरा. त्याचा पंचविसावा हिस्सा म्हणजे केसापेक्षाही कितीतरी पातळ. तेवढा पातळ रंग झाकत नाही. प्रायमर, रंग आणि वरचा क्लिअर मिळून माझाही थर दहाव्या भागाच्या आसपास जाणार. म्हणजे गाडी पंचविसावी आणि रंग सबंधच्या सबंध.

मामा : मग दरवाजाच्या फटी बुजतील.

भाची : तेच! खरी फट पाच मिलिमीटर धरली तर मॉडेलची भरली दोन दशांश. दोन्ही कडांनी रंग चढला की संपली. म्हणून रंगाच्या आधीच टोकदार अवजारानं फटी खोल कोरून घ्यायच्या. खऱ्या मापापेक्षा जास्त.

मामा : म्हणजे मुद्दाम चुकीचं माप ठेवायचं, बरोबर दिसावं म्हणून.

भाची : हो. क्रोमचंही तसंच. क्रोमची पट्टी म्हणून मी जी कागदाहून पातळ चिकटपन्नी लावते, ती कापसाच्या बोळ्यानं दाबून बसवली की खालचं अक्षरन् अक्षर उठून दिसतं. पण अक्षरं इतकी बारीक की कापता येत नाहीत. मग पन्नी आधी लावायची, तिच्यावरनंच सगळी गाडी रंगवायची आणि शेवटी टूथपिकला थिनरचं बोट लावून उंचवट्यावरचा रंग पुसायचा. खालनं क्रोम उघडं पडतं. खऱ्या गाडीत क्रोम रंगाच्या वर बसतं, माझ्यात खाली. आणि डॅशबोर्डवरच्या वॉन डचच्या रेघा तर हातानं शक्यच नाहीत.

मामा : वॉन डच कोण?

भाची : केनेथ हॉवर्ड. लांब केसांच्या ब्रशनं गाडीवर बारीक रेघा मारणारा. त्या काळातला सगळ्यांत नावाजलेला.

मामा : आपल्याकडं ट्रकवर मारतात तसल्या? मग हातानं का शक्य नाही? आमच्याकडचा पेंटर श्वास रोखून गज-गजभर एका दमात ओढायचा.

भाची : दोन मिलिमीटरची रेघ पंचविसावी केली की केसाएवढी होते. ब्रशचा एकच केस ठेवला तरी रंगाचा थेंब त्याहून मोठा. थेंब काही लहान होत नाही.

मामा : मग काय करणार?

भाची : छापून चिकटवणार. किंवा नुसता भास होईल एवढंच करणार.

आता वादाची गंमत अशी झाली होती की दोघांनी नकळत जागा बदलल्या. ‘तुझी कर’ म्हणणारे मामा रेघ छापून चिकटवायला तयार नव्हते. रेघ आहे तर ती ओढलीच पाहिजे. आणि जशीच्या तशी करायला निघालेली मुलगी फट वाढव, क्रोम खाली ने, रेघेचा भास कर, असले निर्णय एकामागून एक स्वतःच्या जबाबदारीवर घेत होती. मी ते दोघांनाही बोलून दाखवलं. मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही लिहिताना वापरा हे, आत्ता नको.” मामांनी ऐकल्यासारखंच केलं नाही.

मामा : बरं, रंगाची छटा. डब्यावर जो नंबर दिलाय तो मारशील.

भाची : कस्टम गाडीला नंबर कुठला? बॅरिसनं स्वतः मिसळला असणार. शिवाय छोट्या मॉडेलवर तोच रंग गडद दिसतो, असं बरेच जण म्हणतात. म्हणून थोडा पांढरा घालून उजळायचा.

मामा : कशानं गडद दिसतो?

भाची : अंतरामुळं. मॉडेल एका फुटावरनं बघतो, म्हणजे खरी गाडी पंचवीस फुटांवरनं बघितल्यासारखी. मध्ये हवा येते.

मामा : पंचवीस फुटांत असून असून हवा किती असणार? जहाजाचं, विमानाचं मॉडेल असेल तर मैलभराची हवा येते, ते कळतं. माझ्या गॅरेजाच्या ह्या टोकाला उभा राहून त्या टोकाच्या अँबॅसिडरचा रंग मला कधी फिका दिसला नाही. गडद दिसण्याचं कारण वेगळं. मोठी गाडी उघड्यावर उभी असते, तिच्या बॉनेटमध्ये सगळं आभाळ दिसतं. तुझी गाडी खोलीत. तिच्यात काय दिसणार? पंख्याचं पातं आणि ट्यूबलाइट.

भाची : म्हणजे उजळायचा की नाही?

मामा : उजळ, पण पांढऱ्यानं नको. पांढरा घातला की रंग खडूसारखा होतो. थोडा पिवळा घाल. आणि नंबरबिंबरवर जाऊच नको. एका बाजूनं ठोकलेली जुनी गाडी आली की आम्ही कंपनीच्या नंबराचा रंग कधी मारला नाही. बाकीची गाडी उन्हानं उतरलेली असते, नवा दरवाजा ठिगळासारखा दिसतो. शेजारचा पत्रा बघायचा आणि डोळ्यानं जुळवायचा.

भाची : माझ्या शेजारी पत्रा नाही.

मामा : फोटो आहेत की. सावलीतला फोटो काढ, उन्हातला नको.

मग वाद थांबला आणि काम सुरू झालं. मामा हिरव्यात टोकाएवढा पिवळा घालत होते, मुलगी एअरब्रशनं एकेक चमचा मारत होती. कॉम्प्रेसर घोंघावत होता. बाहेर पावसाची हवा होती म्हणून मामांनी तिला थिनरमध्ये रिटार्डर घालायला लावला. रंग वाळायला वेळ लागतो, पण पांढरा धरत नाही. हिशोबी माणूस असल्यानं मामांनी प्रत्येक चमच्याच्या दांड्यावर मार्करनं किती थेंब कशाचे, हे लिहिलं. टेबलावर चमच्यांची रांग लागली आणि सगळे फिकट हिरवे.

मामा : हा तिसरा. बॅरिसचा हाच.

भाची : अजिबात नाही, पाचवा. तिसरा निळ्यावर जातोय.

मामा : पाचवा पोपटी आहे.

भाची : तुम्ही म्हणालात म्हणून पिवळा घातला!

मामा : एवढा नव्हतं म्हणालो. आणि तू तर जशीच्या तशी करणार होतीस ना? मग जसा आहे तसा तिसरा घे.

भाची : आणि तुम्ही म्हणत होतात, तुझी कर. माझा पाचवा आहे.

मामा : दाजी, तुम्ही सांगा. तिसरा का पाचवा?

मी दोन्ही चमचे खिडकीपाशी नेले, उलटसुलट केले, चष्मा काढून पाहिले, लावून पाहिले. मला दोन्ही सारखेच दिसत होते आणि तसं मी सांगितलं. मामांनी भाचीकडं पाहिलं, भाचीनं मामांकडं. त्या दुपारी त्यांचं एकमत झालं ते एवढ्याच एका बाबतीत.

“दाजी,” मामा म्हणाले, “तुम्ही चहाचं बघा.”